गाण्याचा सातबारा

१९९२ च्या अखेरीस ‘द बॉडीगार्ड’ हा चित्रपट आला आणि व्हिटनी ह्यूस्टनचं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ जगभर वाजायला लागलं. इंग्रजी गाणी फारशी न ऐकणाऱ्यांनाही ते ओळखीचं असतं. सुरुवातीला वाद्य नाही, काही नाही, नुसता आवाज. मग शेवटाकडे ड्रमचा तो एक दणका आणि त्यावर चढलेला सूर. अमेरिकेत ते सलग १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. रेडिओवाल्यांनी तर ते अक्षरशः झिजवलं.

गंमत अशी, की अमेरिकेतल्या रेडिओवर ते वाजलं की व्हिटनीला त्याचा एक सेंटही मिळत नसे. पैसे जायचे टेनेसी राज्यातल्या एका बाईकडे, जिने ते जवळपास वीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं. डॉली पार्टन तिचं नाव. सोनेरी केसांचा भलाथोरला टोप, लांब नखं, डोळे दिपवणारे कपडे, आणि स्वतःच्या अवताराची टर दुसऱ्याने उडवण्याआधी आपणच उडवायची सवय. त्यामुळे तिच्याकडे करमणूक म्हणून बघणारे पुष्कळ. पण तिची कारकीर्द नीट कळायची असेल तर आवाजाआधी एक रुक्ष प्रश्न विचारावा लागतो. गाणं कुणाच्या नावावर असतं?

आपल्याकडे जमिनीची भाषा सगळ्यांना कळते, तीच वापरू या. शब्द आणि चाल मिळून गाणं होतं, ती झाली जमीन. कुणी ते स्टुडिओत गाऊन रेकॉर्ड केलं, की ते रेकॉर्डिंग म्हणजे त्या जमिनीत घेतलेलं एक पीक. जमीन एकच, पिकं कितीही. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’चं पहिलं पीक डॉलीने स्वतः घेतलं, ते १९७४ मध्ये बाजारात आलं. १९७५ मध्ये लिंडा रॉनस्टॅटने घेतलं, १९९२ मध्ये व्हिटनीने. प्रत्येक पिकाचा मालक वेगळा, बहुतेक वेळा ती ती रेकॉर्ड कंपनी. पण पीक कुणीही घेवो, ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला खंड पोचवावाच लागतो.

हा खंड मुख्यतः दोन वाटांनी येतो. रेकॉर्ड, कॅसेट किंवा सीडीची प्रत विकली गेली की प्रत्येक प्रतीमागे ठरावीक रक्कम. अमेरिकेत हा दर कायद्यानेच बांधलेला आहे. १९०९ साली तो २ सेंट ठरला आणि १९७८ उजाडेपर्यंत २ सेंटच राहिला. म्हणजे दोन महायुद्धं झाली, माणूस चंद्रावर जाऊन आला, पण गीतकाराचा दर हलला नाही. व्हिटनीचं गाणं आलं तेव्हा तो सव्वासहा सेंटांवर पोचला होता. दुसरी वाट म्हणजे गाणं चारचौघांत वाजणं : रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, कार्यक्रम. तिथली वसुली बीएमआयसारख्या संस्था करतात आणि वाटून देतात.

आणि इथेच अमेरिकेचा कायदा तिरपागडा आहे. साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर जमीनमालकाला पैसे मिळतात, पीक घेणाऱ्याला नाही. रेडिओवाल्यांचं म्हणणं असं, की आम्ही गायकाची फुकट जाहिरात करतो, वर पैसेही द्यायचे? डिजिटल प्रसारणासाठी १९९५ मध्ये नियम बदलला, पण साध्या रेडिओपुरता तो आजही तसाच आहे. व्हिटनीच्या आवाजावर डॉलीच्या खात्यात पैसे जमा होत होते ते असे.

सातबाऱ्यावर आणखी एक नाव असतं, ते प्रकाशकाचं. संगीताच्या धंद्यात प्रकाशक म्हणजे गाणं गायकांच्या गळी उतरवणारा, कागदपत्रं सांभाळणारा आणि खंड वसूल करणारा माणूस किंवा कंपनी. बदल्यात रिवाजाने निम्मं उत्पन्न त्याचं, निम्मं गीतकाराचं. सरळ अर्धेली. गीतकार स्वतःच स्वतःचा प्रकाशक असेल तर दोन्ही निम्मे हिस्से घरात येतात.

डॉलीचं गाणं कंट्री म्युझिकचं, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून वर आलेल्या संगीताचं. त्याच्या जन्मवेळीच ही मालकीची भानगड सुरू झाली होती. ॲपलाचियन डोंगररांगांत स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्यांची जुनी कथागीतं होती, चर्चमधली भजनं होती, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर आलेला बँजो होता. ओसरीवर, शेतावर, लग्नकार्यात ही गाणी गायली जात आणि त्यांना मालक नव्हता. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा माणूस टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन उतरला. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स ही या संगीतातली पहिली मोठी नावं त्याच मुक्कामात सापडली. पीअर काम करायचा व्हिक्टर कंपनीसाठी, पण पगार न घेता. मोबदल्यात गाण्यांचे प्रकाशनहक्क त्याच्याकडे. वरवर पाहता कंपनीला फुकटात माणूस मिळाला होता. पण पीअरला नोंदवता येतील अशीच गाणी हवी असत. मग ए. पी. कार्टर डोंगरात गावोगाव हिंडून जुनी गाणी गोळा करायचा, त्यांत फेरफार करायचा, आणि ती कार्टरच्या नावाने नोंदली जायची. गायरानाची जमीन खाजगी नावावर चढावी तसंच हे झालं.

त्याच डोंगरांच्या एका कुशीत, टेनेसीतल्या सेव्हियर परगण्यात, १९ जानेवारी १९४६ रोजी डॉलीचा जन्म झाला. बारा भावंडांतली ती चौथी. घर एका खोलीचं. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून मक्याच्या पिठाचं पोतं दिलं गेलं. वडील, रॉबर्ट ली पार्टन, बरीच वर्षं दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने राबले. पुढे थोडी स्वतःची जमीन झाली, तिच्यात तंबाखू लावायचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण हिशोबात त्यांना कुणी गंडवू शकत नसे, आणि आपल्यातली व्यवहाराची अक्कल त्यांच्याकडूनच आली असं डॉली आजवर सांगत आली आहे. आईकडून जुनी कथागीतं आली. मामा बिल ओवेन्सने गिटार दिली आणि गाडीत घालून नॉक्सव्हिलच्या रेडिओवर नेलं. तिथे एका किराणा व्यापाऱ्याच्या कार्यक्रमात ती दहाव्या वर्षापासून गायला लागली. तेराव्या वर्षी कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या रंगमंचावर पोचली. हा रेडिओ कार्यक्रम १९२५ पासून चालू आहे आणि कंट्री गायकाला तिथे उभं राहायला मिळणं म्हणजे आपल्याकडे सवाई गंधर्वला गायला बसण्यासारखंच.

१९६४ मध्ये तिने शाळा संपवली आणि दुसऱ्याच दिवशी बसने नॅशव्हिल गाठलं. कपड्यांची पिशवी घेऊन ती धुलाईच्या दुकानात गेली, तिथेच बाहेर कार्ल डीन भेटला. १९६६ मध्ये लग्न झालं. हा माणूस रस्त्याच्या डांबरीकरणाची कामं घ्यायचा आणि बायकोच्या झगमगाटापासून चार हात लांब राहायचा; मार्च २०२५ मध्ये तो गेला तोवर, जवळजवळ एकोणसाठ वर्षं, हा संसार टिकला. अमेरिकी गाण्याच्या दुनियेत ही स्वतंत्र बातमीच म्हणायची.

नॅशव्हिलमध्ये तिला आधी ओळखलं गेलं ते गीतकार म्हणून. तिचा आवाज फार बारीक, कंट्रीला चालणार नाही, असं तिच्या पहिल्या मोठ्या कंपनीला वाटलं. तिच्याकडून पॉप गाणी गाऊन घेण्याची खटपट झाली, ती फसली. पण मामा-भाचीने मिळून लिहिलेलं एक गाणं बिल फिलिप्स या गायकाने १९६६ मध्ये गायलं आणि चाललं. त्याच सुमाराला या दोघांनी आडनावांचे तुकडे जोडून स्वतःची प्रकाशन कंपनी काढली. विशीतली पोरगी, राहण्या-खाण्याची भ्रांत, आणि विचार सातबाऱ्याचा. पुढे तिने ‘व्हेल्व्हेट ॲपल’ नावाची स्वतःची कंपनी काढली आणि गाणी त्यात ठेवली.

१९६७ मध्ये पोर्टर वॅगनर या लोकप्रिय गायकाने तिला आपल्या टीव्ही कार्यक्रमात घेतलं. पगार वर्षाला ६० हजार डॉलर, त्या काळात डोळे विस्फारायला लावणारा. सुरुवातीला प्रेक्षक आधीच्या गायिकेच्या नावाने ओरडायचे. मग हीच आवडायला लागली, इतकी की पोर्टरला सावलीत जायची वेळ आली. सात वर्षं ती त्या कार्यक्रमात होती. तिची सगळ्यात धारदार गाणी या काळातली. १९७१ चं ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटाबद्दल आहे. तो घालून शाळेत गेल्यावर पोरं हसली, ही घडलेली गोष्ट. दौऱ्यावरच्या बसमध्ये हे गाणं सुचलं तेव्हा हाताशी कागद नव्हता, म्हणून पोर्टरच्या सुटाला लावलेल्या ड्राय क्लीनिंगच्या पावतीवर तिने ते लिहून काढलं. ‘जोलीन’मध्ये एक बायको दुसऱ्या बाईला शिव्याशाप देत नाही; तिच्या रूपाची तारीफ करत करत नवऱ्याला सोडून दे म्हणून विनवते. मला विचाराल तर तिचं कसब इथे आहे. शब्द सहावीतल्या मुलीला कळतील असे, आणि अडचण मात्र अशी की पन्नाशीतल्या माणसालाही तिच्यातून वाट सापडू नये.

‘जोलीन’ आणि ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ ही दोन्ही गाणी बहुधा एकाच दिवशी लिहिली गेली असं ती सांगते. दोन्हींचे कच्चे खर्डे तिला एकाच कॅसेटवर सापडले. दुसरं गाणं प्रियकरासाठी नाही, ते पोर्टरसाठी आहे. तिला त्याचा कार्यक्रम सोडायचा होता, तो सोडू देत नव्हता, रोज वादावादी. भांडून ऐकत नाही तर गाऊन सांगू, म्हणून घरी जाऊन तिने निरोप लिहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवून गाऊन दाखवला. तो रडला आणि जा म्हणाला. १९७४ मध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गोष्ट इथे गोड संपायची, पण पोर्टरने १९७९ मध्ये तिच्यावर ३० लाख डॉलरचा दावा लावला. तो कोर्टाबाहेर मिटला. २००७ मध्ये पोर्टर अखेरच्या आजारात होता तेव्हा ती त्याच्या उशाशी होती.

त्या गाण्याच्या यशानंतर रॉक अँड रोलचा बादशहा एल्विस प्रेस्ली याच्याकडून निरोप आला की त्याला हे गायचंय. एल्विस! डॉली हरखून गेली, ओळखीपाळखीच्यांना सांगत सुटली. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी त्याचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर याचा फोन आला. म्हणाला, एल्विस जे गाणं गातो त्याच्या प्रकाशनहक्कांत निम्मा वाटा आम्हाला लागतो.

इथे थोडं थांबून कायदा पाहायला हवा, कारण ही गोष्ट बहुतेक जण अर्धवट सांगतात. एखादं गाणं एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलं, की अमेरिकेत दुसरा कुणीही ते पुन्हा गाऊन रेकॉर्ड काढू शकतो. मालकाची परवानगी लागत नाही. ठरलेला दर भरला की झालं. म्हणजे एल्विसला हे गाणं गायला कुणीच अडवू शकत नव्हतं. पार्करला नुसतं पीक नको होतं, सातबाऱ्यावर नाव हवं होतं. एल्विसच्या सुरुवातीच्या दिवसांपासून ही पद्धत पडली होती, त्यासाठी खास प्रकाशन कंपन्या काढलेल्या होत्या, आणि गीतकार मुकाट सही करत. त्यात त्यांचं तरी काय चुकलं? एल्विसने गायलेल्या गाण्याचा निम्मा खंडसुद्धा इतर कुणी गायलेल्या गाण्याच्या पुऱ्या खंडापेक्षा जास्त भरायचा. हिशोबाने पाहिलं तर नाही म्हणणं हाच वेडेपणा होता.

डॉलीने नाही म्हटलं. गाणं आधीच गाजलेलं होतं आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे ते तिला आपल्या घरच्यांसाठी ठेवायचं होतं. त्या रात्री ती खूप रडली. लोकांनी मूर्खात काढलं. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या शेतावर वाटेकरी म्हणून राबलेल्या माणसाच्या मुलीने स्वतःच्या जमिनीत अर्धेली नाकारली, असं मी याकडे बघतो. पुढे एल्विसची पूर्वीची बायको प्रिसिला हिने डॉलीला सांगितलं म्हणे, की घटस्फोटानंतर कोर्टाच्या पायऱ्या उतरताना एल्विसने आपल्याला हेच गाणं गुणगुणून दाखवलं होतं. रेकॉर्ड मात्र कधी झालं नाही.

न विकण्याची किंमत कळायला विली नेल्सन आठवावा. टेक्सासचा हा गीतकार डॉलीइतकाच थोर. पण उमेदवारीच्या काळात पैशांची ओढाताण, म्हणून त्याने एक गाणं ५० डॉलरला आणि दुसरं १५० डॉलरला कायमचं विकून टाकलं. दोन्ही गाजली, मालकी दुसऱ्याची. सावकाराकडे गेलेल्या जमिनीची गोष्ट, ती सगळीकडे सारखीच. तो पुढे मोठा झालाच, त्याने त्याबद्दल कधी फारशी कुरकुर केली नाही, तो भाग निराळा.

डॉलीचं ते ‘नाही’ फळायला जवळपास अठरा वर्षं लागली. ‘द बॉडीगार्ड’साठी ठरलेलं दुसरं गाणं ऐन वेळी बाद झालं, तेव्हा नायक केव्हिन कॉस्टनरने लिंडा रॉनस्टॅटच्या आवाजातलं हे गाणं सुचवलं. लिंडाच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटचं कडवं नव्हतं; संगीत करणाऱ्या डेव्हिड फॉस्टरला ते कडवं डॉलीने फोनवर सांगितलं. तयार झालेलं गाणं तिने पहिल्यांदा ऐकलं ते गाडी चालवताना, रेडिओवर. सुरुवातीचे शब्द तिला आधी ओळखूच आले नाहीत, आणि ओळखल्यावर गाडी बाजूला घ्यावी लागली.

आता हिशोब. त्या चित्रपटाचा अल्बम एकट्या अमेरिकेत पावणेदोन कोटींहून जास्त खपला. प्रतीमागे सव्वासहा सेंट धरले तर या एका वाटेने जवळपास ११ लाख डॉलर होतात. कंपन्या दरात घासाघीस करतात, त्यामुळे हा आकडा अंदाजापुरताच घ्यावा. पण त्यात स्वतंत्र विकली गेलेली प्रत नाही, बाकीचं जग नाही, आणि रेडिओ तर मुळीच नाही. प्रकाशक तीच असल्यामुळे दोन्ही निम्मे हिस्से तिच्याच घरी. नव्वदच्या दशकात या गाण्याने तिला सुमारे १ कोटी डॉलर दिले असा ‘फोर्ब्स’चा अंदाज आहे. त्या पैशातून तिने नॅशव्हिलमधल्या एका कृष्णवर्णीय वस्तीत दुकानांची एक इमारत घेतली, व्हिटनीच्या लोकांमध्ये गुंतवावेत म्हणून, असं तिने २०२१ मध्ये सांगितलं.

सगळंच तिच्या मालकीचं होतं असं मात्र समजू नये. सत्तरच्या दशकातली तिची रेकॉर्डिंग्ज आरसीए कंपनीची, आज सोनीकडे. जमीन तिची, ते पीक कंपनीचं. कंट्रीच्या बाहेरच्या श्रोत्यांपर्यंत तिला नेणारं १९७७ चं मोठं गाणं दुसऱ्यांनी लिहिलेलं होतं. केनी रॉजर्सबरोबरचं १९८३ चं युगुलगीत बी जीज बंधूंचं. तिथे ती दुसऱ्याच्या शेतावर होती. ‘नाइन टू फाइव्ह’ मात्र तिचं स्वतःचं. १९८० च्या त्या चित्रपटाच्या सेटवर लांब नखं एकमेकांवर घासून टाइपरायटरसारखा आवाज काढत तिने ते रचलं.

हा प्रश्न आपल्याकडेही पेटला होता. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांनाही रॉयल्टी हवी असा आग्रह धरला. मोहम्मद रफींना वाटत होतं की मानधन घेतलं, विषय संपला. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. आणि सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला हिस्सा करारात काढून घेता येणार नाही, असा कायदा व्हायला २०१२ उजाडलं. तोवर गाणं लिहिणारा बहुतेक वेळा एकरकमी पैसे घेऊन मोकळा. लता म्हणत होत्या ते पीक घेणाऱ्याचा वाटा, २०१२ चा कायदा जमीन घडवणाऱ्याचा. या दोन गोष्टींची आपल्या चर्चेत नेहमी सरमिसळ होते.

डॉलीचा पैसा कुठे गेला त्याचा बराचसा माग सेव्हियर परगण्यातच लागतो. १९८६ मध्ये पिजन फोर्जमधल्या मनोरंजन उद्यानात तिने भागीदारी घेतली आणि त्याचं डॉलीवूड झालं. आज त्या भागातले कितीतरी संसार त्याच्यावर चालतात. २०१६ च्या वणव्यात घरं जळाली, त्या कुटुंबांना तिने सहा महिने दरमहा १,००० डॉलर दिले. आणि १९९५ मध्ये लहान मुलांना जन्मापासून पाच वर्षांचं होईपर्यंत दर महिन्याला टपालाने एक पुस्तक घरपोच पाठवायला सुरुवात केली, आधी आपल्या परगण्यापुरती, मग बाहेर. ती पुस्तकं आता २० कोटींच्या पुढे गेली आहेत. ही कल्पना वडिलांवरून सुचली. त्यांना वाचता येत नसल्याची आयुष्यभर लाज वाटायची. मुलं डॉलीला ‘पुस्तकवाली बाई’ म्हणतात याचं मात्र त्यांना तिच्या गाण्यांपेक्षा जास्त कौतुक.

सेव्हियरव्हिलच्या कोर्टासमोर डॉलीचा पुतळा आहे, अनवाणी, हातात गिटार. उभारला तेव्हा तिने वडिलांना विचारलं, कसं वाटतंय. ते म्हणाले, तुझे चाहते काही म्हणोत, कबुतरांच्या दृष्टीने तू म्हणजे आणखी एक संडास. ते गेल्यावर भावाने तिला सांगितलं, की म्हातारा रात्री उशिरा गाडीत साबणाच्या पाण्याचं पिंप आणि झाडू टाकून कोर्टापाशी जायचा आणि पुतळा घासून धुऊन यायचा.